कविवर बनारसीदास : नफा आणि खोट दोन्ही लिहिणारा व्यापारी

वाण्याच्या मुलाने दुकानावर बसावे, पोथ्यांच्या नादी लागू नये, अशी समजूत आपल्या समाजात पिढ्यानपिढ्या चालत आलेली आहे. सुमारे चारशे वर्षांपूर्वी जौनपूरच्या एका जवाहिऱ्याच्या मुलालाही वडीलधाऱ्यांनी हाच उपदेश केला होता. फार शिकणे हे ब्राह्मणांचे व भाटांचे काम, वणिकपुत्राने बाजार सांभाळावा, असे त्यांचे म्हणणे होते. मुलाने ते मानले नाही आणि पुढे ही बोलणी आपल्या ग्रंथात नोंदवूनही ठेवली. हा मुलगा म्हणजे कविवर बनारसीदास.

त्यांचा जन्म श्रीमाळ कुळात, वि. सं. १६४३ च्या माघ महिन्यात झाला. पिता खड्गसेन जवाहिराचा व्यापार करीत. बाळाचे मूळ नाव विक्रमाजीत. पुढे आईवडील त्याला घेऊन काशीस भगवान पार्श्वनाथांच्या दर्शनास गेले असता तेथील पुजाऱ्याने ध्यानाचा आव आणला आणि प्रभूंच्या जन्मनगरीचे नाव मुलास ठेवल्यास तो दीर्घायुषी होईल, असे यक्षाने सांगितल्याचे भासविले. ते पुजाऱ्याचे ढोंग होते, हे बनारसीदासांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. आपल्या नावाची कथा माणूस सहसा भक्तिभावाने सांगतो. यांनी मात्र जे घडले तेच सांगितले.

त्यांची पहिली कमाई कवड्यांच्या विक्रीतून झाली. जौनपूरच्या सुभेदाराने जवाहिऱ्यांना कैद केल्यामुळे कुटुंब परागंदा झाले होते, त्या काळातील ही गोष्ट. नातवाने आणलेले चार पैसे आजीने देवकार्यास लावून मिठाई वाटली. शिक्षण मात्र चालूच राहिले. पंडित देवदत्त यांच्याजवळ शब्दकोश, ज्योतिष आणि अलंकारशास्त्र, तर यती भानुचंद्र यांच्याजवळ छंदशास्त्र व धर्मक्रिया यांचे अध्ययन झाले. याच वयात प्रेमाच्या नादात त्यांनी नवरसांवर, विशेषतः शृंगारावर, सुमारे हजार दोहे-चौपायांची पोथी रचली.

इ. स. १६०५ मध्ये अकबर बादशहाच्या निधनाची वार्ता जौनपुरास आली. जिन्यावर बसलेले बनारसीदास ती ऐकताच घेरी येऊन कोसळले व त्यांचे कपाळ फुटले. त्यानंतर काही दिवसांनी मित्रांसमवेत ते गोमतीच्या पुलावर बसून आपली पोथी वाचून दाखवीत होते. वाचता वाचता त्यांच्या मनात आले, की एक खोटे बोलणाराही अधोगतीस जातो, मग आपण तर न पाहिलेल्या, न अनुभवलेल्या गोष्टींचा ढीग रचला आहे. त्यांनी पोथी नदीत टाकून दिली. मित्रांनी हाय हाय केली. पाने प्रवाहात पांगून गेली. त्या दिवसापासून त्यांची राहणी पालटली, असे ते सांगतात.

इ. स. १६१० च्या सुमारास पित्याने त्यांना रत्ने, वीस मण तूप, तेल आणि जौनपुरी कापड देऊन आग्र्यास पाठविले. वाटेत इटाव्याजवळ पावसाने गाठले. रात्री कोणी आसरा देईना. अखेर एका झोपडीत, दुसऱ्याच्या खाटेखाली त्यांनी रात्र काढली. आग्र्यास कापड तोट्यात गेले आणि तूप-तेलावर नफा झाला अवघा चार रुपये! काही रत्ने इजारबंदातून निसटली, काही उंदरांनी पळविली. मुद्दल संपल्यावर त्यांनी बाजारात जाणेच सोडले. रात्री घरी ‘मधुमालती’ आणि ‘मृगावती’ ही काव्ये ते गाऊन वाचीत आणि दहा-वीस माणसे ऐकावयास येत. श्रोत्यांत एक कचोरीवालाही होता. त्याच्याकडून ते रोज उधार कचोऱ्या घेत. एके दिवशी त्यांनी त्याला एकांतात आपली खरी स्थिती सांगितली. त्या भल्या माणसाने उधारी तशीच चालू ठेवली. पुढे हिशेब झाला तो चौदा रुपयांचा, आणि बनारसीदासांनी तो चुकता केला.

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर व कापडाचा व्यापारी. काव्याची चिकित्सा करण्याचा माझा अधिकार नाही. परंतु जमाखर्च मला कळतो. आपला धंदा पतीवर चालतो. खोट आली तर आपण ती भागीदारालाही उशिरा सांगतो, सोयऱ्यांना तर सांगतच नाही. दुकानात न खपलेले तागे पडून असताना पाहुण्यांपुढे हसतमुखाने बसण्याचा प्रसंग माझ्यावरही आलेला आहे. म्हणून हे चार रुपये आणि या चौदा रुपयांच्या कचोऱ्या वाचताना मला ज्या धैर्याचा प्रत्यय आला, तो मोठ्या पराक्रमाच्या कथांतही आला नाही. (पुढेही एकदा त्यांना कापडात खोट आणि मोत्यांत नफा झाला, हे आम्हा कापडवाल्यांनी मुकाट्याने सोसलेले बरे!)

व्यापार चालू असतानाच लेखन होत होते. सासुरवाडीस खैराबाद येथे असताना पत्नीने जपून ठेवलेले वीस रुपये त्यांच्या हाती दिले आणि आईलाही सांगून दोनशे रुपये मिळवून दिले. त्याच सुमारास, वि. सं. १६७० मध्ये, त्यांनी ‘नाममाला’ हा पद्यबद्ध पर्यायकोश रचला. शब्दांची अशी मोजदाद केल्यावाचून पुढची रचना त्यांच्या हातून झाली नसती, असे मला वाटते.

वि. सं. १६८० मध्ये त्यांच्या हाती राजमल्ल पांडे यांची ‘समयसारा’वरील भाषाटीका आली. अपुऱ्या आकलनामुळे त्यांचा क्रियाकांडावरील विश्वास उडाला, अध्यात्माचा अनुभव काही आला नाही, आणि मित्रांसह खोलीत विवस्त्र होऊन मुनी झाल्याचा खेळही त्यांनी केला. हेही त्यांनी लपविले नाही. पुढे पांडे रूपचंद आग्र्यास आले. त्यांच्या ‘गोम्मटसारा’वरील विवेचनाने दृष्टी स्थिर झाली. त्यानंतर वि. सं. १६९३ मध्ये ‘समयसार नाटक’ पूर्ण झाले. आचार्य कुंदकुंदांच्या प्राकृत गाथा, त्यांवरील अमृतचंद्राचार्यांचे संस्कृत कलश आणि राजमल्लांची टीका, एवढे सगळे पचवून त्यांनी ते लोकांच्या बोलीत पद्यात आणले. पहिल्या वाचनानंतर तेरा वर्षांनी हा ग्रंथ झाला, ही गोष्ट ध्यानी घेण्याजोगी आहे.

संसारात त्यांना सुख थोडे लाभले. तीन विवाह झाले, सात पुत्र व दोन कन्या झाल्या. नऊही अपत्ये त्यांच्या डोळ्यांदेखत गेली. वि. सं. १६९८ मध्ये, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी, त्यांनी ‘अर्धकथानक’ लिहिले. मनुष्याचे आयुष्य एकशे दहा वर्षांचे धरून ही अर्धी कथा. मध्यदेशाच्या बोलीतील ६७५ पद्यांत त्यांनी कमाई, खोट, आजारपण, मुलांचे मृत्यू, सगळे मांडले. शेवटी आपल्या गुणांची आणि दोषांची यादी दिली. क्षमाशील, संतोषी, काव्यपठणात कुशल हे एकीकडे. लोभ सुटत नाही, थट्टेत खोटे बोलतो, एकांतात नाचतो, हे दुसरीकडे. रोजमेळ असा मिळविणारा माणूस विरळाच.

कथेचा उत्तरार्ध लिहिला गेला नाही. त्यानंतर थोड्याच काळात त्यांचे देहावसान झाले. वि. सं. १७०१ मध्ये जगजीवन यांनी त्यांच्या स्फुट रचना ‘बनारसीविलास’ या नावाने एकत्र केल्या. ‘अर्धकथानक’ हस्तलिखितांत राहिले. पंडित नाथूराम प्रेमी यांनी ते संपादित करून १९४३ साली आपल्या मुंबईतून प्रसिद्ध केले. गोमतीत टाकलेल्या पोथीचे पान मात्र कोणाच्याच हाती लागले नाही.