वेव्हेल आणि हलफायाचा घाट

शाळेच्या इतिहासात वेव्हेल हे नाव आपल्याला ‘वेव्हेल योजने’पुरतंच भेटलं. १९४५, सिमला परिषद, दोन मार्कांचं उत्तर... संपलं! पण व्हाइसरॉय होण्याआधी हा माणूस सेनापती होता, आणि त्याच्या एका फसलेल्या लढाईत आपली मराठी पोरं लढली होती. होऊ घातलेला इंजिनिअर म्हणून मला ती लढाई सगळ्यांनी वाचावी अशी वाटते.

आर्चिबाल्ड वेव्हेल यांचा जन्म ५ मे १८८३ चा, इंग्लंडमधल्या कोलचेस्टरचा. वडील सैन्यात, मुलगाही सैन्यात. बोअर युद्ध झालं, मग आपली वायव्य सरहद्द. १९१५ मध्ये बेल्जियमच्या आघाडीवर डावा डोळा गेला. बोलणं अगदी मोजकं, पण कविता मात्र ढीगभर पाठ!

दुसऱ्या महायुद्धात मध्यपूर्वेची जबाबदारी त्यांच्यावर होती. १९४०-४१ च्या हिवाळ्यात त्यांच्या लहानशा फौजेने इटलीचे सव्वा लाखाहून जास्त सैनिक कैद केले. मार्च १९४१ मध्ये इरिट्रियातली केरेनची खिंड जिंकली, तिथेही मराठा पलटण होती. पण तोवर रोमेल आफ्रिकेत उतरला होता आणि पारडं फिरलं.

हलफाया म्हणजे इजिप्त-लिबियाच्या सरहद्दीवर समुद्रकाठावरून पठारावर चढणारा घाट. आपला मांजरसुंब्याचा घाट डोळ्यांसमोर आणा. फक्त झाड एकही नाही, आणि वर तोफा रोखलेल्या.

१२ मे १९४१ ला २३८ रणगाडे बोटींनी अलेक्झांड्रियाला आले. चर्चिलना हल्ला लगेच हवा होता. पण गाड्या वाळवंटासाठी तयार करायच्या, चालवणाऱ्यांचा सराव घ्यायचा, याला वेळ लागणारच! वेव्हेलनी रणगाड्यांतले दोष लंडनला कळवले. तरी घाई थांबली नाही, आणि शेवटी हुकूम त्यांनीच दिला.

१५ जूनला पठारावरून स्कॉटिश पायदळ आणि माटिल्डा रणगाडे निघाले. खालून, समुद्राच्या बाजूने, मराठा आणि राजपुताना रायफल्सचे जवान. माटिल्डाचं चिलखत ७८ मिलिमीटर जाड. पण विमानं पाडायच्या ८८ मिलिमीटरच्या तोफा जर्मनांनी खड्ड्यांत बसवून रणगाड्यांवर रोखल्या होत्या. वरचे रणगाडे एकामागून एक पेटले, खालचे सुरुंगांवर अडकले, पायदळ उघड्यावर पडलं. तीन दिवसांत ९१ रणगाडे गेले आणि घाट शत्रूकडेच राहिला.

वेव्हेलनी अपयश सरळ कळवलं. लगेच त्यांची बदली भारतात सरसेनापती म्हणून झाली. ऑक्टोबर १९४३ मध्ये ते व्हाइसरॉय झाले, तेव्हा बंगालमध्ये माणसं भुकेने मरत होती. आठवडाभरात ते कलकत्त्यात पोचले, धान्य वाटायला लष्कर लावलं आणि आणखी धान्यासाठी लंडनशी भांडत राहिले. मार्च १९४७ मध्ये त्यांच्या जागी माउंटबॅटन आले. २४ मे १९५० रोजी वेव्हेल वारले.

वरून दबाव होता, ते बिचारे काय करणार, असं कुणी म्हणेल. मला ते पटत नाही. दोष त्यांना माहीत होते, कागदावर कळवलेही होते; पण त्या कागदाचा घाट चढणाऱ्या जवानाला काय उपयोग? धान्यासाठी भांडले तसे ते जूनमध्ये अडून बसले असते तर कदाचित पद गेलं असतं. ते तर तसंही गेलंच!

मित्रांनो, उद्या पुलाच्या नाहीतर धरणाच्या कागदावर सही करताना आपल्यालाही कुणीतरी घाई करेल. तेव्हा शेरा लिहून मोकळं व्हायचं, की सही थांबवायची? ते आत्ताच ठरवून ठेवलेलं बरं.