स्वामी कुवलयानंद

स्वामी कुवलयानंद (पूर्वाश्रमीचे नाव: जगन्नाथ गणेश गुणे, ३० ऑगस्ट, इ.स. १८८३ – १८ एप्रिल, इ.स. १९६६) हे मराठी योगाभ्यासक, शिक्षक, संशोधक आणि लोणावळा येथील कैवल्यधाम या संस्थेचे संस्थापक होते. आसने, प्राणायाम आणि हठयोगातील शुद्धिक्रिया यांचा मानवी शरीरावर होणारा परिणाम क्ष-किरण व दाबमापक यांसारख्या साधनांनी तपासून पाहणाऱ्या आरंभीच्या संशोधकांत त्यांची गणना होते. इ.स. १९२४ मध्ये त्यांनी सुरू केलेले योगमीमांसा हे नियतकालिक योगाच्या शास्त्रीय संशोधनाला वाहिलेले पहिले नियतकालिक मानले जाते. लोणावळ्यास जाण्यापूर्वीची त्यांच्या आयुष्यातील महत्त्वाची वर्षे खानदेशात, अमळनेर येथे गेली.

बालपण आणि शिक्षण

जगन्नाथ गुणे यांचा जन्म गुजरातेतील डभोई येथे झाला. वडील गणेश लक्ष्मण गुणे शाळामास्तर होते. आईचे नाव सरस्वती. घरची परिस्थिती हलाखीची असल्याने त्यांचे शिक्षण बरेचसे लोकांच्या आणि संस्थांच्या मदतीवर झाले. इ.स. १९०३ मध्ये मॅट्रिकची परीक्षा देताना त्यांनी संस्कृत विषयासाठीची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळवली. त्या काळी ही शिष्यवृत्ती मिळणे हा विद्यार्थ्याच्या आयुष्यातील मोठा मान समजला जाई आणि गरीब घरातील मुलासाठी तर ती कॉलेजचे दार उघडणारी किल्लीच असे. पुढे बडोदा कॉलेजात शिकून इ.स. १९१० मध्ये ते पदवीधर झाले.

बडोद्यात त्या वर्षांत दोन विचारप्रवाहांचा प्रभाव तरुणांवर होता. अरविंद घोष काही वर्षे बडोदा कॉलेजात अध्यापन करत होते, आणि लोकमान्य टिळकांच्या राजकारणाने मराठी तरुणांना भारून टाकले होते. या दोन्हींचा परिणाम गुणे यांच्यावर झाला. आपले आयुष्य समाजकार्याला वाहायचे, असे ठरवून त्यांनी आजन्म ब्रह्मचर्याचे व्रत घेतले आणि ते अखेरपर्यंत पाळले.

माणिकरावांची तालीम

इ.स. १९०७ ते १९१० या काळात, म्हणजे कॉलेजचे शिक्षण चालू असतानाच, गुणे यांनी बडोद्याच्या जुम्मादादा व्यायामशाळेत राजरत्न माणिकराव यांच्याकडे शारीरिक शिक्षण घेतले. ही व्यायामशाळा माणिकरावांनी आपल्या वस्तादांच्या नावे चालवली होती. लाठी, मल्लखांब, कुस्ती यांबरोबर हाडे बसवण्याच्या विद्येतही माणिकरावांचा लौकिक होता.

या शिक्षणाचे महत्त्व पुष्कळदा दुर्लक्षिले जाते. कुवलयानंद योगाकडे वळले ते गुहेतून किंवा मठातून नव्हे, तर तालमीच्या मातीतून. अंग घामेजले म्हणजे व्यायाम झाला, ही आखाड्यातील समजूत त्यांना आतून माहीत होती. पुढे त्यांनी आसनांचे वेगळेपण मांडले, तेव्हा दंड-बैठकांना कमी लेखण्याचा सूर त्यांच्या लेखनात आला नाही, याचे कारण बहुधा हेच असावे. स्नायू कमावण्यासाठी तालमीचा व्यायाम योग्यच आहे; परंतु पाठीचा कणा लवचीक राहणे, पोटातील इंद्रियांचे काम सुरळीत चालणे आणि मज्जासंस्थेला स्वास्थ्य लाभणे, यांसाठी निराळ्या प्रकारचा अभ्यास हवा, अशी त्यांची भूमिका होती.

अमळनेरमधील कार्य

पूर्व खानदेश जिल्ह्यातील (सध्याचा जळगाव जिल्हा) बोरी नदीकाठचे अमळनेर हे गाव विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात शिक्षणाचे केंद्र म्हणून पुढे येत होते. गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांच्या दातृत्वामुळे तेथे शिक्षणसंस्था आणि इ.स. १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभे राहिले. याच गावात गुणे यांनी खानदेश शिक्षण मंडळाच्या उभारणीत भाग घेतला आणि इ.स. १९१६ मध्ये तेथील राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद स्वीकारले. शाळा-महाविद्यालयातील विद्यार्थ्यांना ते भारतीय संस्कृती हा विषय शिकवत.

हे महाविद्यालय फार काळ टिकले नाही. तेथील राष्ट्रीय वृत्तीमुळे ब्रिटिश सरकारने इ.स. १९२० मध्ये ते बंद केले. वयाच्या सदतिसाव्या वर्षी गुणे यांच्या हातून त्यांनी उभे केलेले काम गेले. पुढे ते आणखी दोन-तीन वर्षे अध्यापन करत राहिले. परंतु त्यांच्या आयुष्याची दिशा याच काळात बदलली. शिक्षक म्हणून त्यांना जे सांगायचे होते, ते सांगण्यासाठी आता वर्ग उरला नव्हता. त्याऐवजी त्यांनी स्वतःच्या शरीरावरील अभ्यास आणि त्याची तपासणी हाती घेतली. त्यांनी अमळनेर सोडले त्याच सुमारास साने गुरुजी तेथे आले. खानदेशाच्या शैक्षणिक इतिहासात गुरुजींचे नाव सर्वतोमुखी आहे. त्यांच्या आधीच्या या प्राचार्यांची आठवण मात्र तेथेही कमीच निघते.

माधवदास महाराज आणि बडोद्याचे प्रयोग

इ.स. १९१९ मध्ये गुणे यांची परमहंस माधवदास यांच्याशी भेट झाली. मूळचे बंगालचे हे योगी बडोद्याजवळ नर्मदातीरावरील मालसर येथे स्थायिक झाले होते. त्यांच्याकडे गुणे यांनी योगाची दीक्षा घेतली. मुंबईत इ.स. १९१८ मध्ये योग इन्स्टिट्यूट स्थापन करणारे श्री योगेंद्र हेही माधवदासांचेच शिष्य. एकाच गुरूच्या दोन शिष्यांनी योगाला आधुनिक काळात आणण्याचे काम स्वतंत्रपणे केले, ही लक्षणीय गोष्ट आहे.

माधवदासांकडे शिकलेल्या क्रियांचा अनुभव गुणे यांना स्वतःला येत होता. तरीही गुरूंनी सांगितले आणि मला जाणवले, एवढ्याने त्यांचे समाधान होईना. इ.स. १९२०-२१ मध्ये त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांच्या साहाय्याने बडोद्याच्या सरकारी रुग्णालयात क्ष-किरणांच्या मदतीने उड्डियान बंध व नौली या क्रियांच्या वेळी पोटात काय घडते, याचे निरीक्षण सुरू केले. श्रद्धेने स्वीकारलेली गोष्ट यंत्राखाली ठेवणे यात जोखीम होती. तपासणीत काही आढळले नसते, तर ज्या अभ्यासासाठी त्यांनी आयुष्य पणाला लावले होते त्याचाच आधार डळमळीत झाला असता. निरीक्षणांनी मात्र त्यांचा उत्साह वाढवला. योगाची प्राचीन पद्धत आधुनिक प्रयोगांच्या भाषेत समजून घेतली, तर समाजाला तिचा उपयोग होईल, असे त्यांचे मत बनले.

कैवल्यधाम

ऑक्टोबर, इ.स. १९२४ मध्ये त्यांनी लोणावळा येथे कैवल्यधाम ही संस्था स्थापन केली. त्याच वर्षी योगमीमांसा हे इंग्लिश त्रैमासिक सुरू झाले. संशोधनपर निबंध, आसनांचे सचित्र वर्णन आणि वाचकांनी घरी करावयाचा अभ्यास असे त्याचे स्वरूप होते.

आरंभीच्या अंकांतील गाजलेला प्रयोग नौलीसंबंधी आहे. जलबस्ती या क्रियेत साधक पाण्यात बसून गुदमार्गाने पाणी मोठ्या आतड्यात ओढून घेतो. हे कसे घडते, याचे परंपरेतील स्पष्टीकरण अपान वायूच्या आधारे दिले जाई. कुवलयानंदांनी दाबमापक जोडून दाखवले की नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो आणि म्हणून पाणी आत शिरते. आतड्यात निर्माण होणाऱ्या या अंशतः पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ माधवदास पोकळी असे नाव दिले. जुने स्पष्टीकरण बाजूला सारणाऱ्या शोधाला त्याच परंपरेतील गुरूचे नाव देणे, हे त्यांच्या स्वभावाला साजेसेच होते.

प्राणायामाविषयीही त्यांनी प्रचलित समजुतीला विरोध केला. प्राणायामामुळे शरीरात प्राणवायूचा मोठा साठा होतो, असे तेव्हा सर्रास सांगितले जाई आणि आजही सांगितले जाते. कुवलयानंदांना हा दावा मान्य नव्हता. प्राणायामाचे खरे मोल अधिक प्राणवायू मिळण्यात नसून श्वसनाच्या व उदराच्या दाबांत होणारे बदल आणि मज्जासंस्थेवरील परिणाम यांत आहे, असे त्यांनी मांडले. योगाच्या प्रचारकाने योगाच्या बाजूचा लोकप्रिय दावा नाकारावा, हे त्या काळात विरळच होते.

या संशोधनाला मर्यादाही होत्या. प्रयोगांत भाग घेणाऱ्यांची संख्या थोडी असे आणि आजच्या चाचण्यांप्रमाणे तुलनेसाठी वेगळा गट घेण्याची पद्धत नव्हती. सर्वांगासनाचा कंठस्थ ग्रंथीवर होणारा परिणाम यांसारखी काही विधाने त्या काळच्या शरीरविज्ञानाच्या आधारे केलेली आहेत; ती आज जशीच्या तशी स्वीकारता येत नाहीत. तरीही प्रयोग करून पाहण्याची जी वाट त्यांनी घालून दिली, तिच्यावरून पुढील संशोधक गेले. अमेरिकेतील येल विद्यापीठाचे कोवूर बेहानन इ.स. १९३० नंतरच्या वर्षांत लोणावळ्यास येऊन त्यांच्याकडे शिकले आणि इ.स. १९३७ मध्ये त्यांनी योगाच्या शास्त्रीय परीक्षणावर पुस्तक प्रसिद्ध केले.

नित्य अभ्यासाची पद्धत

कुवलयानंदांची आसने आणि प्राणायाम ही पुस्तके इ.स. १९३० च्या दशकाच्या पूर्वार्धात प्रसिद्ध झाली. त्यांनी आसनांचे ध्यानासाठीची आणि शरीरसंवर्धनासाठीची असे मुख्य वर्ग केले व शवासनासारख्या शिथिलीकरणाच्या आसनांचे महत्त्व स्वतंत्रपणे सांगितले.

सामान्य वाचकाच्या दृष्टीने त्यांच्या लेखनातील सर्वांत उपयुक्त भाग म्हणजे त्यांनी आखलेले अभ्यासक्रम. प्रकृतीने ठीक असलेल्या माणसासाठी पूर्ण अभ्यासक्रम, वेळ कमी असणाऱ्यासाठी लघु अभ्यासक्रम आणि अशक्त किंवा वयस्क व्यक्तीसाठी सुलभ अभ्यासक्रम अशी त्यांची रचना होती. सुरुवात थोड्या आसनांनी आणि थोड्या वेळाने करावी, ताण पडेल इतके अंग ओढू नये, अभ्यास हळूहळू वाढवावा, तो नियमित ठेवावा आणि आजारपणामुळे खंड पडल्यास पुन्हा कमी प्रमाणापासून आरंभ करावा, यावर त्यांचा भर असे. व्यायाम सुटतो तो बहुधा आळसापेक्षा पहिल्या दिवसांतील अतिउत्साहामुळे, हे कोणत्याही शिक्षकाला ठाऊक असते. कुवलयानंद मुळात शिक्षक असल्याने त्यांनी अभ्यासक्रमाच्या रचनेतच त्याची तजवीज केली. पातंजल योगसूत्रांत आसनासाठी स्थैर्य आणि सुख हे दोन गुण एकत्र सांगितले आहेत. तोल सांभाळताना श्वास कोंडणारा किंवा दात आवळणारा साधक यांपैकी एकही साधत नाही, आणि त्यामुळे त्याला उद्या पुन्हा अभ्यासाला बसावेसे वाटत नाही.

इ.स. १९२७ मध्ये रक्तदाबाच्या विकाराने आजारी असलेल्या महात्मा गांधींनी कुवलयानंदांकडे पत्रव्यवहाराने सल्ला मागितला होता. गांधी आपल्या अभ्यासाची हकिगत त्यांना कळवत असत.

समकालीन शरीरसाधना

पाश्चात्त्य देशांत आज पिलाटीज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या व्यायामपद्धतीचे प्रवर्तक जोसेफ पिलाटीज यांचा जन्मही इ.स. १८८३ मध्येच, जर्मनीतील म्योन्शेनग्लाडबाख येथे झाला. लहानपणी ते प्रकृतीने दुर्बल होते. पहिल्या महायुद्धात ब्रिटनमध्ये स्थानबद्ध असताना त्यांनी आपली पद्धत विकसित केली व पुढे न्यूयॉर्कमध्ये तिचे शिक्षण दिले. शरीरावरील नियंत्रण या अर्थाचे काँट्रॉलॉजी हे नाव त्यांनी तिला दिले होते. कण्याची लवचीकता, श्वासाची लय, मनाचे अवधान आणि थोड्या पण अचूक हालचाली हे घटक दोन्हींत समान आहेत. पिलाटीज पद्धतीत स्प्रिंग बसवलेल्या उपकरणांचा वापर होतो आणि हालचाल अखंड चालू असते. कुवलयानंदांच्या पद्धतीत एका स्थितीत थांबण्याला महत्त्व असून तिची अंतिम दिशा आध्यात्मिक आहे. भारतीय शहरांत पिलाटीजचे वर्ग अलीकडे वाढले आहेत. तेथे जाणाऱ्या अनेकांना श्वास आणि कण्याविषयीची तीच शिस्त लोणावळ्यात शंभर वर्षांपूर्वी शिकवली जात होती, याची कल्पना नसते.

संस्थांचा विस्तार

इ.स. १९३२ मध्ये मुंबईत सांताक्रूझ येथे कैवल्यधामाची शाखा निघाली. इ.स. १९३६ मध्ये ती चौपाटीजवळ मरीन ड्राइव्ह येथे हलवण्यात आली व ईश्वरदास चुनीलाल योगिक हेल्थ सेंटर या नावाने ओळखली जाऊ लागली. रोगप्रतिबंध आणि योगोपचार हे तिचे उद्दिष्ट होते. अलिबागजवळ कनकेश्वर येथे आध्यात्मिक केंद्र, तर इ.स. १९४३ मध्ये राजकोट येथे आणखी एक शाखा सुरू झाली. मुंबई सरकारच्या शारीरिक शिक्षणविषयक समित्यांवरही कुवलयानंदांनी काम केले आणि शाळांच्या व्यायामात योगाला स्थान मिळावे म्हणून प्रयत्न केले.

इ.स. १९५०-५१ च्या सुमारास लोणावळ्यात गोरधनदास सेक्सरिया योग महाविद्यालय सुरू झाले. अमळनेरचे महाविद्यालय बंद पडल्यानंतर तीस वर्षांनी या माजी प्राचार्यांनी पुन्हा एक महाविद्यालय उभे केले. या वेळी विषय योग हाच होता. इ.स. १९६० नंतरच्या आरंभीच्या वर्षांत संस्थेचे योगोपचार रुग्णालय स्थापन झाले. हठयोगाच्या संस्कृत ग्रंथांच्या चिकित्सक आवृत्त्या काढण्याचे कामही संस्थेने केले. त्यांपैकी गोरक्षशतकाच्या संपादनात कुवलयानंदांचा सहभाग होता. डॉ. विनेकर यांच्यासह त्यांनी योगोपचारावर लिहिलेले पुस्तक इ.स. १९६३ मध्ये प्रसिद्ध झाले.

निधन आणि स्मरण

१८ एप्रिल, इ.स. १९६६ रोजी वयाच्या ८२ व्या वर्षी कुवलयानंदांचे निधन झाले. त्यांच्यानंतर संस्थेची धुरा त्यांचे शिष्य स्वामी दिगंबरजी यांनी सांभाळली. आयुष उपचारपद्धतींतील मान्यवरांवर भारतीय टपाल खात्याने इ.स. २०१९ मध्ये काढलेल्या तिकिटांच्या संचात कुवलयानंदांचे तिकीट आहे. योगमीमांसा हे नियतकालिक लोणावळ्याहून अद्याप प्रसिद्ध होते.