विल्यम कॅस्लन : अक्षरें घडविणारा कारागीर

विल्यम कॅस्लन याचा जन्म इंग्लंडांत क्रॅडली या गांवीं सन १६९२ त झाला. लहानपणींच तो लंडन शहरीं बंदुकांवर नक्षी कोरणाऱ्या कारागिराजवळ उमेदवार राहिला. पुढें त्यानें स्वतःचें दुकान काढिलें, व पुस्तकांच्या बांधणीवर उठविण्याचे ठसेही तो कोरूं लागला. ते ठसे विल्यम बोयर नामक मुद्रकाच्या दृष्टीस पडले. त्यानें कॅस्लनला खिळे ओतण्याचा कारखाना दाखविला, आणि हें काम साधेल काय असें विचारिलें. कॅस्लननें एक दिवस विचार करून होकार दिला.

पूर्वेकडील ख्रिस्ती बांधवांकरितां अरबी भाषेंत स्तोत्रसंहिता व नवा करार छापावयाचा होता. त्यासाठीं सन १७२० त एका ख्रिस्ती मंडळीनें त्यास अरबी खिळे करावयास सांगितलें. तो नवा करार सन १७२७ त निघाला.

त्या काळीं इंग्लंडांतील मुद्रक बहुतेक हॉलंडचे खिळे आणवीत. कॅस्लननें वर्षानुवर्षें खपून इंग्रजीसाठींही सुबक खिळे केले, व सन १७३४ त त्यांचे नमुने एका मोठ्या कागदावर छापून प्रसिद्ध केले. तें व्यापाऱ्याचें जाहिरातपत्रकच होतें; परंतु जुनीं व्यापारी पत्रकें जमविणारे लोक आज तें मोलाचें समजतात.

ता. २३ जानेवारी १७६६ रोजीं तो निवर्तला. दहा वर्षांनीं अमेरिकेच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा प्रथम छापला गेला, तो त्याच्याच अक्षरांत.

वाचकहो, पुस्तक वाचतांना खिळे कोरणाऱ्याचें नांव कोणी विचारीत नाहीं. वाचणारा अडखळला नाहीं, कीं त्याचें काम झालें.