श्रेयनामावलीबाहेरची डेलिया

सिरियलचं टायटल म्युझिक लागलं की आपण काय करतो? बटण दाबून पुढे जातो. जेवणाची मेस बंद व्हायच्या आत एपिसोड संपवायचा असतो, टायटल ऐकायला वेळ कुणाला आहे! पण ‘डॉक्टर हू’ बघणारे लोक तसं करत नाहीत. आमच्या हॉस्टेलवर अशी तीन-चार डोकी आहेत. ती टायटल पूर्ण ऐकतात, वर टेबलावर तालही धरतात. आणि त्यांच्यातलं सगळ्यात जुनं भांडण डॉक्टर कोणता चांगला यावरून नाही, तर टायटल म्युझिक कोणत्या सालचं चांगलं यावरून आहे!

ज्यांनी ही मालिका पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बीबीसीची ही सायन्स फिक्शन मालिका २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. आदल्याच दिवशी अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांची हत्या झाली होती, त्यामुळे पहिल्या भागाकडे लोकांचं लक्ष जरा कमीच गेलं. मालिकेची निर्माती व्हेरिटी लॅम्बर्ट तेव्हा तिशीच्या आतली होती आणि पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन हा चक्क लखनौला जन्मलेला तरुण होता. गोष्ट एका परग्रहावरच्या ‘डॉक्टर’ची. तो टार्डिस नावाच्या यानातून काळात मागे-पुढे फिरतो. यान बाहेरून पोलिसांच्या निळ्या टेलिफोन खोक्यासारखं दिसतं आणि आतून अवाढव्य असतं. नट बदलायची वेळ आली की डॉक्टर नवं शरीर धारण करतो, ही युक्ती १९६६ पासून चालू झाली. १९८९ पर्यंत मालिका सलग चालली, १९९६ मध्ये एक टीव्ही सिनेमा आला आणि २००५ मध्ये ती नव्याने सुरू झाली.

आता त्या म्युझिककडे येऊ. खालून ‘डम-डडा-डम’ असा धावता बेस, वरून कुठूनतरी अंतराळातून घसरत येणारी धून, आणि मध्येच वाऱ्याचा सळसळाट. ऐकून वाटतं की हा सिंथेसायझर आहे. पण गंमत अशी की १९६३ मध्ये विकत मिळणारा सिंथेसायझर अस्तित्वातच नव्हता! मूगचा सिंथेसायझर लोकांसमोर आला तो १९६४ मध्ये. मग हे केलं कुणी आणि कशाने? करणारीचं नाव डेलिया डर्बीशायर. आणि पन्नास वर्षं हे नाव मालिकेच्या पडद्यावर आलं नाही. आजचा हा लेख तिच्याबद्दल.

डेलियाचा जन्म ५ मे १९३७ चा, इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री शहरातला. वडील पत्र्याचं काम करणारे कारागीर. घर साधं, कामगारवर्गाचं. ती तीन वर्षांची असताना, १४ नोव्हेंबर १९४० च्या रात्री जर्मन विमानांनी कॉव्हेंट्रीवर भयंकर बॉम्बहल्ला केला. शहराचं कॅथेड्रल त्या रात्री उद्ध्वस्त झालं. हल्ला यायच्या आधी वाजणारा भोंगा, मग तो गेल्यावर वाजणारा ‘ऑल क्लिअर’चा भोंगा... इतर मुलांसाठी हे भीतीचे आवाज असतील. डेलियाच्या कानात मात्र ते आवाज म्हणूनच बसले. इलेक्ट्रॉनिक आवाजाचं आपलं वेड तिथूनच सुरू झालं असं ती मोठेपणी सांगायची. पुढे सुरक्षेसाठी तिला लँकशायरमधल्या प्रेस्टनला नेलं. तिथे पहाटे गिरणीकामगार लाकडी तळाच्या चपला घालून दगडी रस्त्यावरून कामाला जायचे. तो खडखडाटही तिने मनात साठवून ठेवला.

शाळेत पोरगी हुशार. पियानोही शिकत होती. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज दोन्हीकडे तिला प्रवेश मिळाला आणि गणिताची स्कॉलरशिप घेऊन ती केंब्रिजच्या गर्टन कॉलेजमध्ये गेली. पत्रे कापणाऱ्या बापाची मुलगी, तीही त्या काळात! एका वर्षाने तिने गणितातून संगीताकडे मोर्चा वळवला आणि १९५९ मध्ये गणित आणि संगीत असे दोन्ही विषय घेऊन ती पदवीधर झाली. आपल्याकडे ब्रँच बदलायची म्हटली तर घरात किती चर्चासत्रं होतात ते सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे मला हे धाडस फार मोठं वाटतं.

मग नोकरी. तिने डेक्का या मोठ्या रेकॉर्ड कंपनीत अर्ज केला. तिथे तिला सांगण्यात आलं की आम्ही रेकॉर्डिंग स्टुडिओत बायकांना घेत नाही. संपला विषय. मार्क किती, येतं काय, हा प्रश्नच नाही. त्यानंतर तिने जिनिव्हाला जाऊन मुलांना पियानो आणि गणित शिकवलं, तिथल्या आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेत काही महिने काम केलं, परत येऊन शाळेत शिकवलं, संगीताच्या एका प्रकाशकाकडे नोकरी केली. शेवटी १९६० च्या अखेरीस बीबीसीत शिकाऊ असिस्टंट स्टुडिओ मॅनेजर म्हणून लागली. तिथे तिला कळलं की याच संस्थेत ‘रेडिओफोनिक वर्कशॉप’ नावाची एक विचित्र जागा आहे.

हे वर्कशॉप १९५८ मध्ये डॅफ्नी ओरम आणि डेस्मंड ब्रिस्को यांनी सुरू केलं होतं. लंडनच्या मायडा व्हेलमधली बीबीसीची ही इमारत पूर्वी स्केटिंगचा हॉल होती. काम काय, तर रेडिओ आणि टीव्हीच्या कार्यक्रमांना कुणी कधी न ऐकलेले आवाज बनवून द्यायचे. पैसे कमी. सामान म्हणजे इतर विभागांनी नको म्हणून टाकलेली यंत्रं, टेपरेकॉर्डर आणि लाइन तपासण्यासाठी वापरायचे ऑसिलेटर. आपल्या लॅबमध्ये फंक्शन जनरेटर असतो ना, त्याचाच आजोबा समजा. बीबीसीतल्या बऱ्याच जणांना तिथली बदली नको असायची. डेलियाने १९६२ मध्ये ती मागून घेतली आणि पुढे अकरा वर्षं ती तिथेच राहिली.

१९६३ मध्ये ‘डॉक्टर हू’चं काम वर्कशॉपकडे आलं. धून रचली होती रॉन ग्रेनर या ऑस्ट्रेलियात जन्मलेल्या संगीतकाराने. त्याने डेलियाला दिला फक्त एक कागद. त्यावर धून, बेस, आणि कुठे ढगांसारखा तर कुठे वाऱ्याच्या बुडबुड्यासारखा आवाज हवा अशा सूचना. एवढं देऊन तो गेला सुट्टीवर!

पुढचं वाचताना कृपया लक्षात ठेवा की तिच्याकडे कीबोर्ड नव्हता, मल्टिट्रॅक नव्हता, कॉम्प्युटर तर नव्हताच. बेससाठी तिने एक तार छेडून तो आवाज टेप केला. टेप जलद फिरवली की स्वर चढतो, हळू फिरवली की उतरतो. अशा रीतीने एकाच आवाजातून बेसचे सगळे स्वर काढले. धुनेसाठी ऑसिलेटर. त्याची चकती हाताने फिरवून ते घसरणारे स्वर मिळवले. वाऱ्याचा आवाज म्हणजे व्हाइट नॉइज, फिल्टरमधून गाळलेला. मग प्रत्येक स्वराचा टेपचा तुकडा ब्लेडने कापायचा आणि पुढच्याला चिकटवायचा. सेकंदाला १५ इंच या वेगाने टेप फिरत असेल तर अर्ध्या सेकंदाचा स्वर म्हणजे साडेसात इंच टेप. ताल मोजायचा तो फूटपट्टीने! बेस, धून, सळसळाट अशा वेगवेगळ्या टेप तयार झाल्या की त्या वेगवेगळ्या मशीनवर चढवायच्या, एकदम चालू करायच्या आणि देवाचं नाव घ्यायचं.

या कामात तिचा सहायक होता डिक मिल्स. एकदा सगळ्या टेप एकत्र वाजवल्यावर काहीतरी चुकतंय एवढं कळत होतं, पण कुठे ते सापडेना. तेव्हा या दोघांनी इमारतीच्या लांबलचक कॉरिडॉरमध्ये टेप शेजारी शेजारी उलगडून ठेवल्या आणि कोणता सांधा जागेवर नाही ते शोधत चालत गेले. डिबगिंग म्हणतात ते याला!

गणित तिला इथे कामी आलं. ती लॉगच्या टेबलांचं पुस्तक जवळ बाळगायची. का? तर पाश्चात्त्य सप्तकात बारा समान पायऱ्या असतात आणि सप्तक वर गेलं की फ्रिक्वेन्सी दुप्पट होते. म्हणजे प्रत्येक पायरीला फ्रिक्वेन्सी दोनच्या बाराव्या मुळाने गुणायची. ४४० हर्ट्‌झची पुढची पायरी ४६६ च्या आसपास येते. हातात कॅल्क्युलेटर नसेल तर सोपा उपाय म्हणजे लॉगमध्ये दर पायरीला ०.०२५१ मिळवत जायचं. ज्या लॉग टेबलला आपण बारावीत शिव्या घातल्या, त्याच्यातून या बाईने संगीत काढलं.

ग्रेनर सुट्टीवरून परत आला आणि त्याने ते ऐकलं. हे खरंच मी लिहिलंय का, असं त्याला वाटलं. माणूस मोठ्या मनाचा होता. अर्धी रॉयल्टी डेलियाला द्यावी असं त्याने सुचवलं. पण बीबीसीचा नियम आडवा आला. वर्कशॉपचे लोक पगारी नोकर, त्यांची नावं द्यायची नाहीत. त्यामुळे पडद्यावर यायचं रॉन ग्रेनरचं नाव आणि वर्कशॉपचं नाव. डेलिया कुठेच नाही.

एक गोष्ट मान्य करायला हवी. नियम फक्त तिच्यासाठी नव्हता. तिचा सहकारी ब्रायन हॉजसन याने टार्डिसचा घरघराट बनवला, तोही घराची किल्ली पियानोच्या तारांवर घासून! डॅलेक या खलनायकांचा यांत्रिक आवाजही त्याच्याच हाताखालून गेला. त्यासाठी रिंग मॉड्युलेटर वापरला, म्हणजे माणसाचा आवाज आणि एक कमी फ्रिक्वेन्सीची लहर यांचा सरळ गुणाकार. पण मला विचाराल तर सगळ्यांवर सारखा अन्याय झाला म्हणून तो न्याय होत नाही. धून ग्रेनरचीच, त्यात वाद नाही. पण जी धून तीन पिढ्यांना आठवते ती कागदावरची नाही, टेपवरची आहे. आपल्या प्रोजेक्ट ग्रुपमध्ये एकाने आयडिया द्यायची, दुसऱ्याने रात्रभर सोल्डरिंग करायचं आणि रिपोर्टवर पहिल्याचंच नाव यायचं, असं झालं तर आपण गप्प बसू का?

डेलियाचं काम एवढ्यावर थांबलं नाही. १९६४ मध्ये तिने बॅरी बर्मांज याच्याबरोबर रेडिओसाठी ‘द ड्रीम्स’ केलं. त्यात साधी माणसं आपली स्वप्नं सांगतात आणि खाली तिचे आवाज चालू असतात. सहारा वाळवंटातल्या तुआरेग लोकांवरच्या माहितीपटासाठी तिने ‘ब्लू व्हेल्स अँड गोल्डन सँड्स’ बनवलं. त्यातला घंटेसारखा आवाज म्हणजे एक हिरवी पत्र्याची लॅम्पशेड! ती वाजवून टेप केली, तिच्या नादात कोणकोणत्या फ्रिक्वेन्सी आहेत ते शोधलं आणि वर्कशॉपचे बारा ऑसिलेटर लावून तो नाद पुन्हा उभा केला. फूरिए सिरीज आपण परीक्षेपुरती पाठ करतो, ती वाजवून दाखवत होती. हाच तुकडा पुढे १९७० मध्ये ‘डॉक्टर हू’च्या ‘इन्फर्नो’ या कथेतही वापरला गेला. बाहेर मित्रांबरोबर तिने ‘व्हाइट नॉइज’ या नावाने एक रेकॉर्डही केली, ती १९६९ मध्ये आली.

मात्र ७० च्या दशकात काम बदललं. वर्कशॉपमध्ये सिंथेसायझर आले, काम लवकर हवं असा रेटा वाढला. एकेका आवाजासाठी रात्री जागवणाऱ्या डेलियाला ते रुचेना. १९७३ मध्ये तिने बीबीसी सोडली आणि थोड्याच दिवसांत व्यावसायिक संगीतही. गॅसची पाइपलाइन टाकणाऱ्या एका कामावर ती रेडिओ ऑपरेटर झाली. नंतर कंब्रियातल्या एका छोट्या म्युझियममध्ये, ली युआन-चिया या चिनी चित्रकाराबरोबर तिने काम केलं. दारूचं व्यसन जडलं होतं, ते तिला फार महागात पडलं. मधली वीसेक वर्षं जगाच्या दृष्टीने ती जवळजवळ नव्हतीच. ९० च्या दशकाच्या शेवटी नव्या पिढीचे इलेक्ट्रॉनिक संगीतवाले तिला शोधत आले. पीटर केंबर या संगीतकाराबरोबर ती पुन्हा काम करू लागली होती. पण ३ जुलै २००१ ला मूत्रपिंडं निकामी होऊन ती गेली. वय ६४. ‘डॉक्टर हू’ तेव्हा बंद होती. चार वर्षांनी ती परत सुरू झाली तेव्हा नव्या टायटलमध्ये डेलियाच्या जुन्या टेपचे आवाज होते, ऐकायला डेलिया नव्हती.

तिच्या माळ्यावर २६७ टेप आणि कागदांचा ढिगारा सापडला. २००७ पासून तो खजिना मँचेस्टर विद्यापीठात आला. मग मात्र सगळ्यांना जाग आली. २०१३ मध्ये मालिकेच्या पन्नासाव्या वाढदिवसाच्या खास भागात ग्रेनरच्या शेजारी प्रथमच डेलियाचं नाव झळकलं. २०१७ मध्ये कॉव्हेंट्रीतल्या तिच्या घरावर पाटी लागली, कॉव्हेंट्री विद्यापीठाने मरणोत्तर डॉक्टरेट दिली. डॉक्टरच्या मालिकेसाठी झटलेली बाई शेवटी स्वतः डॉक्टर झाली, पण सोळा वर्षं उशिरा.

आता ते भांडण. १९८० मध्ये पीटर हॉवेलने सिंथेसायझरवर नवं टायटल केलं, २००५ मध्ये मरे गोल्डने ऑर्केस्ट्रा घातला, २०१८ मध्ये सेगुन अकिनोला पुन्हा मूळ आवाजांच्या जवळ गेला. आमच्या हॉस्टेलवर २००५ चे समर्थक जास्त आहेत, कारण स्पीकर चांगले असले तर ते जोरदार वाजतं. माझं मत १९६३ ला. हे जुनेपणाचं प्रेम नाही. बाकीच्यांनी एका तयार चीजेला कपडे शिवले, हिने सुतापासून कापड विणलं, तेही यंत्रमाग अजून बाजारात नसताना.

पुढच्या सेमिस्टरला सिग्नल्सचं प्रॅक्टिकल असेल आणि ऑसिलेटरमधून तो कंटाळवाणा ‘टूंऽऽ’ ऐकू येईल, तेव्हा चकती जरा हळूच फिरवून बघा. आणि प्रोजेक्ट रिपोर्टचं पहिलं पान टाइप करताना, ज्याने खरंच रात्र जागवली त्याचं किंवा तिचं नाव त्यात आहे ना, एवढं तपासून घ्या. पन्नास वर्षं थांबायला लावू नका.