लग्नगडी आणि गोदूताई

माझ्या आजीचे लग्न लागले तेव्हा तिला दोन मुले झालेली होती. हे लिहिताना मला संकोच वाटत नाही. आम्हा वारल्यांत त्यात लाजण्यासारखे काही मानीत नाहीत. पण अकरावीला असताना हेच वर्गातल्या मैत्रिणींना सांगितले, तेव्हा त्या एकमेकींकडे पाहू लागल्या आणि मी गप्प झाले. आजीचे लग्न इतके उशिरा का झाले, हे मी तिलाच विचारले. तिच्या उत्तरात गोदूताईंचे नाव आले. म्हणून या अंकासाठी त्यांचेच चरित्र लिहायला घेतले आहे.

गोदावरी गोखले यांचा जन्म १९०७ साली पुण्यात झाला. वडील नामांकित वकील. गोदावरी फर्ग्युसन महाविद्यालयात शिकल्या, पुढे कायद्याची पदवी घेतली. महाराष्ट्रातील पहिल्या महिला कायदा-पदवीधर असा त्यांचा लौकिक आहे. १९३२ साली सत्याग्रहात शिक्षा झाली. वडिलांना ते रुचले नाही आणि मुलगी घर सोडून मुंबईस गेली. तेथे त्या भारत सेवक समाजाच्या कामात पडल्या. त्याच समाजात शामराव परुळेकर होते. १९३९ साली दोघांनी विवाह केला आणि त्याच वर्षी दोघेही कम्युनिस्ट पक्षात गेले.

त्या काळी पुण्यातल्या पांढरपेशा घरात मुलगी दाखवायची आणि वडीलधाऱ्यांनी ठरवायचे, अशी रीत होती. मुलीला कोणी विचारीत नसे. अशा घरातल्या बाईने आपला जोडीदार आपण निवडला. आमच्याकडे मात्र ही निवड पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली होती. भाताची कापणी झाली की तारपा वाजे, पोरगे-पोरी एकमेकांच्या कमरेला हात घालून रात्रभर नाचत आणि तिथेच मने जुळत. मग दोघे एकत्र राहू लागत. समाज त्याला नावे ठेवीत नसे.

लग्न मात्र निराळे. त्याला धवलेरी हवी, भिंतीवर तांदळाच्या पिठाचा चौक हवा, चौकात पालघट देवी हवी. मुलीच्या बापाला देज द्यायचे, पाहुण्यांना जेवण आणि ताडी द्यायची. एवढा पैसा आणायचा कुठून? सावकार तो देई. फेडीसाठी माणूस त्याच्या वाड्यावर राबू लागे आणि त्याची बायकोही राबे. कर्ज काही फिटत नसे. अशा माणसाला लग्नगडी म्हणत. बायकोच्या अब्रूवरही मालक हक्क सांगे. मन जुळवायला पैसा लागत नव्हता. लग्न लावायला मात्र सारे आयुष्य गहाण पडे. माझे पणजोबा असे लग्नगडी होते.

परुळेकर पतिपत्नी किसान सभेचे काम करीत या भागात आले. २३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची मोठी परिषद झाली. हे गाव तेव्हा उंबरगाव तालुक्यात होते, आज ते तलासरीत आहे. वेठ करायची नाही, असे तिथे ठरले. त्यानंतर लाल बावटा घेतलेले वारली गावोगाव जमीनदारांच्या दारात जाऊन लग्नगड्यांना बाहेर काढू लागले. यात गोदूताईंचे मोठेपण मला वेगळेच वाटते. त्या वकिली शिकलेल्या होत्या. कोर्टात एकेक दावा लावून त्यांनी वर्षे घालवली असती तरी कोणी दोष दिला नसता. पण गड्याने स्वतःच्या पायांनी वाड्याबाहेर यावे, असे त्यांनी पाहिले. पणजोबा बाहेर आले तेव्हा अंगावर लंगोटी तेवढी होती, असे आजी सांगते.

याची किंमत लवकरच द्यावी लागली. ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. जेठ्या गांगड आणि आणखी चौघे ठार झाले.

पुढचे आयुष्य थोडक्यात सांगते. तुरुंगवास दोघांच्याही वाट्याला पुन्हा पुन्हा आला. शामराव १९५७ साली लोकसभेवर निवडून आले आणि १९६५ साली तुरुंगातच वारले. गोदूताईंनी काम थांबवले नाही. वारल्यांच्या लढ्याची हकीकत सांगणारे त्यांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ हे पुस्तक १९७० साली निघाले व त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. (आपल्या ग्रंथालयातल्या प्रतीची पाने सुटली आहेत, जपून हाताळावी.) १९९६ साली त्यांचे निधन झाले.

आता आजीचे उत्तर सांगते. आजी आजोबांच्या घरी राहायला गेली, तेव्हा वाड्यावरून सुटलेल्या पणजोबांनी एकच अट घातली होती : लग्नासाठी कोणाकडून एक पैसाही उसना आणायचा नाही. देज त्यांनी मागितले नाही. पण जेवण आणि ताडी तर हवीच, आणि दोघांची मजुरी ती किती! गवत कापून, भारे वाहून पैसे साठायला सहा वर्षे लागली. लग्नाच्या रात्री चौक लिहून झाला, धवलेरी गाऊ लागली, तेव्हा माझे वडील पाच वर्षांचे होते. आईबापाचे लग्न पाहायचे म्हणून ते हट्टाने जागे राहिले होते, पण देवीपुढे बसल्या बसल्याच त्यांना झोप लागली.