न्यायाचार्य श्रीउदयनाचार्य

मिथिलेच्या भूमीने भारतवर्षाला जे थोर नैयायिक दिले, त्यांत उदयनाचार्यांचे स्थान अग्रगण्य आहे. बिहारमधील समस्तीपूर जिल्ह्यातील करियन हे त्यांचे गाव, असे परंपरा मानते. त्यांच्या ‘लक्षणावली’ ग्रंथाच्या अखेरीस शके ९०६, म्हणजे इ. स. ९८४, असा काळ दिलेला आहे. काही अभ्यासक मात्र त्यांचा काळ अकराव्या शतकात मानतात.

तो काळ शास्त्रार्थाचा होता. विक्रमशीला महाविहारातील ज्ञानश्रीमित्रांसारखे बौद्ध पंडित जगाला कर्ता आहे हे अनुमान खोडून काढीत. चार्वाकमतानुसार तर वस्तू अकस्मातच उत्पन्न होतात. या साऱ्यांना आचार्यांनी उत्तर दिले ते ‘न्यायकुसुमांजली’त. वादग्रंथाला फुलांच्या ओंजळीचे नाव, आणि त्याच्या पाच प्रकरणांना ‘स्तबक’, म्हणजे पुष्पगुच्छ! ईश्वराविषयी युक्तीने विचार करणे हे श्रवणानंतरचे मनन होय, म्हणून तीही उपासनाच, अशी त्यांची धारणा होती.

कारणावाचून कार्य घडते, तर ते सदैव असते किंवा कधीच नसते. वस्तू तर ठराविक वेळीच उत्पन्न होतात. म्हणजे त्यांना कारणाची अपेक्षा आहे. मग त्या कारणालाही कारण हवे, याचा शेवट कोठे? आचार्य येथे अडखळत नाहीत. बीज आणि अंकुर यांप्रमाणे ही परंपरा अनादी आहे, असे ते मान्य करतात. न्यायमतात परमाणू, आकाश व जीवात्मे नित्य आहेत. ईश्वराने ते शून्यातून निर्माण केलेले नाहीत. कुंभार माती उत्पन्न करीत नाही, मातीचा घट घडवितो. तद्वत पृथ्वी, पर्वत आदी अवयवयुक्त पदार्थ ही कार्ये असून त्यांना ज्ञानवान कर्ता असलाच पाहिजे. रानातल्या अंकुराचा कर्ता कोणी पाहिला, हा प्रतिपक्षाचा आक्षेप साधा नव्हे. आचार्यांचे उत्तर असे, की जे दिसण्यास योग्यच नाही, ते न दिसल्याने नाही असे ठरत नाही.

जगन्नाथपुरीस दर्शनाला गेले असता दार बंद आढळले, तेव्हा बौद्धांशी वाद पडला की देवाचे अस्तित्व आपल्याच हाती असते, असे आचार्यांनी प्रत्यक्ष देवाला सुनावले, अशी आख्यायिका आहे. पुरीचे विद्यमान मंदिर बाराव्या शतकातील असल्याने ती आख्यायिकाच समजावी. त्या अभिमानाहून त्यांच्या ग्रंथाचा शेवट अधिक हृद्य आहे. ईश्वराला नाकारणारेही, खंडनासाठी का होईना, निष्ठेने त्याचेच चिंतन करीत असतात. तेव्हा कालांतराने त्यांनाही करुणेने तारावे, अशी प्रार्थना आचार्यांनी तेथे केली आहे.