ओव्यांचे संग्राहक साने गुरुजी

चिंचपोकळीजवळ ज्या रस्त्यावर मोठा तुरुंग उभा आहे, त्या आर्थर रोडला आज साने गुरुजींचें नांव आहे. तें तेथें शोभतें. कारण तुरुंगवास हा गुरुजींच्या चरित्राचा मोठा भाग होय.

पांडुरंग सदाशिव साने यांचा जन्म २४ डिसेंबर १८९९ रोजीं कोंकणांतील पालगड येथें झाला. एम्. ए. होऊन ते अमळनेरच्या प्रताप हायस्कुलांत शिक्षक झाले. १९३० सालीं शाळा सोडून ते सत्याग्रहांत पडले. धुळ्याच्या तुरुंगांत १९३२ सालीं विनोबांचीं गीताप्रवचनें त्यांनीं लिहून घेतलीं. नाशिकच्या तुरुंगांत १९३३ सालीं ‘श्यामची आई’ लिहिली.

दुसऱ्याचे बोल आदरानें टिपणारी हीच लेखणी जात्याकडेहि वळली. दळण हें तुरुंगांत शिक्षेचें काम, तर घरोघर बायांचें पहांटेचें नित्यकर्म. सासुरवास, माहेरची ओढ, लेकराचें कौतुक त्या जात्यावर ओवींतून गात. अक्षरओळख नसलेल्या या कवयित्रींच्या ओव्या गुरुजींनीं मिळविल्या, विषयवार लाविल्या व विवरणासह ‘स्त्रीजीवन’ या ग्रंथांत छापिल्या. अमेरिकेंत जॉन लोमॅक्स यांनीं १९३३ पासून कैद्यांचीं श्रमगीतें यंत्रावर उतरून घेतलीं, त्याच जातीचें हें कार्य. गुरुजींपाशीं यंत्र नव्हतें. कान व लेखणी होती.

११ जून १९५० रोजीं गुरुजी निवर्तले. आतां घरांतून जातें गेलें, आणि त्यामागोमाग ओवीहि चालली आहे. विद्यार्थिमित्रांनो, घरीं आजी असेल तर तिला आठवतील त्या ओव्या विचारा आणि तिच्या नांवासह वहींत उतरून ठेवा. जें लिहिलें जात नाहीं, तें गाणारीबरोबरच जातें.